कॅमेऱ्याला पाठ न दाखवणाऱ्या नोएमीताई

नोएमी उरुएन्या यांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा त्यांना कॅन्सर झाल्याचं मी त्यांना सांगत होते. घाबरू नका, झालेला नव्हता.

परदेशातून आलेल्या डॉक्टरांना इथे आयर्लंडमध्ये काम करायचं तर परीक्षा द्यावी लागते. त्या परीक्षेत पेशंटशी कसं बोलता हेही बघतात. तो पेशंट खरा नसतो, आजार पाठ करून आलेला नट असतो. किलकेनीत चर्चच्या एका हॉलमध्ये शनिवारी या परीक्षेचा सराववर्ग भरायचा आणि डर्मट नावाचे एक निवृत्त आयरिश डॉक्टर तो चालवायचे. अतिशय सज्जन माणूस. आम्ही काहीही दिवे लावले तरी ते आधी ‘ग्रँड, ग्रँड’ म्हणत आणि मग हळूच चुका सांगत.

मी नाशिकची, सरकारी दवाखान्यात घडलेली. ओपीडीची रांग दाराबाहेर जायची, त्यामुळे मान खाली घालून, लिहिता लिहिता बोलायची सवय अंगात मुरलेली. समोरच्या बाईंना मी रिपोर्ट घडाघडा समजावून सांगितला. बायोप्सी, पुढचे उपचार, सगळं तोंडपाठ. मान वर केली तर बाई रडत होत्या. हनुवटी थरथरत होती, रडू लपवायला त्या पर्समध्ये रुमाल शोधत होत्या आणि तो मेला सापडतच नव्हता. माझा जीव असा कळवळला म्हणून सांगू! परीक्षा गेली खड्ड्यात. मी उठले, ‘अहो, असं रडू नका हो, होईल सगळं नीट,’ असं चक्क मराठीत म्हणाले आणि पिशवीतला डबा काढून त्यांच्यापुढे गुळपोळी धरली.

‘वेळ संपली,’ डर्मट म्हणाले.

नळ बंद करावा तसं बाईंचं रडणं थांबलं. त्यांनी गुळपोळीचा तुकडा मोडला, तोंडात टाकला, डोळे मिटले आणि विचारलं, ‘यात काय काय घातलंय?’

मग त्यांनी मला माझा निकाल सांगितला. ‘डॉक्टर, आधी तुम्ही माझ्या गुडघ्यांशी बोलत होतात. मग तुम्ही माझा चेहरा पाहिलात आणि थेट मला जेवायलाच वाढलंत. या दोन्हींच्या मधलं काहीतरी जमवा, पास व्हाल.’

नोएमीताई या वर्षी साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या लेकीने, पावलाने, या गौरवग्रंथाचा घाट घातला तेव्हा कोलंबियातले त्यांचे सहकलाकार स्पॅनिशमध्ये लिहिणार, इथली नाटकवाली मंडळी इंग्रजीत लिहिणार, हे ठरलेलंच होतं. मी विचारलं, ‘मी कशात लिहू?’ ताई म्हणाल्या, ‘तुझ्या भाषेत. तुझी आई मला वाचून दाखवेल.’ आईला इंग्रजी येत नाही, ताईंना मराठी येत नाही, आणि तरीही यात त्या दोघींना काडीचीही अडचण दिसत नाही. ती का दिसत नाही, ते पुढे येईलच.

वर्गात डोळे पुसणारी ही बाई कोण आहे, ते मला पुष्कळ नंतर कळलं. आम्ही दोघी वॉटरफोर्डच्या. माझ्याकडे गाडी होती आणि त्यांना बस लागायची, म्हणून शनिवारी आम्ही एकत्र जाऊ लागलो. एकदा पेट्रोल भरायला थांबलो, तर काउंटरमागची कोलंबियन मुलगी त्यांना बघून किंचाळलीच! बाहेर आली, गळ्यात पडली, रडली, फोटो काढले. मी आपली हातात पावती घेऊन उभी. ‘तुम्ही यांना ओळखता?’ मी तिला विचारलं. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, की जणू मी चंद्रावरून आले आहे. ‘हिने माझं अख्खं बालपण छळलं!’ ती आनंदाने म्हणाली.

तर, नोएमीताई म्हणजे कोलंबियाच्या टीव्हीवरच्या नावाजलेल्या खलनायिका. कॉफीच्या डोंगरातलं त्यांचं गाव. वडील जीप चालवायचे, आई कपडे शिवायची. शाळेच्या नाटकातून पोरगी बोगोटाला पोचली आणि एका मालिकेत मोलकरीण झाली. काम काय, तर कॉफीचा ट्रे ठेवायचा आणि जायचं. ताईंनी ट्रे ठेवला आणि जाता जाता मालकिणीकडे असं काही बघितलं, की लेखकाने दुसऱ्या दिवशी त्या मोलकरणीला विष घालायला लावलं. तिथून ही गाडी सुसाट सुटली. मालिका, चित्रपट, पुरस्कार. किती सुना छळल्या, किती मृत्युपत्रं पळवली, कितीदा जिन्यावरून पडून मेल्या, त्याची मोजदाद त्यांनाही नाही. बोगोटाच्या बाजारात एका भाजीवालीने त्यांना टोमॅटो द्यायला साफ नकार दिला होता. ‘आधी त्या बिचाऱ्या पोरीचं बाळ परत कर,’ म्हणाली. ताई हे सांगताना आजही फुलून येतात. घरातल्या पुरस्कारांच्या सगळ्या बाहुल्या आणि करंडक एकीकडे आणि तो न मिळालेला टोमॅटो एकीकडे.

त्यांच्या पहिल्या दिग्दर्शकाने त्यांना एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली होती. कॅमेऱ्याला पाठ दाखवायची नाही. मरताना, रडताना, जिन्यावरून गडगडतानासुद्धा चेहरा लोकांना दिसला पाहिजे. पाठ दाखवणं म्हणजे घरी जेवायला बोलावलेल्या पाहुण्याच्या तोंडावर दार लावणं, असं ते म्हणत. हे ताईंच्या इतकं अंगवळणी पडलं, की आमच्या वर्गातसुद्धा त्या खुर्ची थोडी तिरकी करून घेत, कारण बाकीचे विद्यार्थी खिडकीच्या बाजूला बसत. पोटदुखी असो, डोकेदुखी असो, चेहरा खिडकीकडे. हे माझ्या लक्षात राहिलं. ते किती कामी येणार होतं, हे तेव्हा कुणाला माहीत!

लेकीचं बाळंतपण करायला म्हणून त्या आयर्लंडला आल्या, नातवाच्या मायेने अडकल्या आणि राहिल्या. इथे त्यांना कोण ओळखणार? सिनेमात काम मागायला गेल्या की उच्चारांवरून आडून आडून नकार मिळायचा. दुसरं कुणी रुसून घरात बसलं असतं. ताईंनी खोट्या पेशंटचं काम धरलं, आणि कसं धरलं! डर्मट त्यांना कागदावर चार ओळी द्यायचे, ‘बाई, वय इतकं, खोकला.’ ताई विचारायच्या, ‘तिचा नवरा काय करतो? तिला खोकल्याची लाज वाटते का? तिच्या पर्समध्ये काय आहे?’ आणि शनिवारी त्या पर्समध्ये खरोखरच अर्धवट खाल्लेलं बिस्कीट, चघळायच्या गोळ्या आणि नातवाचा एक मोजा असायचा. पर्स कुणी उघडून बघत नसे. मी एकदा म्हटलंही, ‘ताई, कशाला एवढं?’ त्यावर त्या म्हणाल्या, ‘मला माहीत असतं ना, मिहा.’ मिहा म्हणजे त्यांच्याकडे ‘माझी पोर’. मी पहिल्यापासून त्यांची मिहाच.

मी पास झाले, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. माझ्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी मला शिकवलं. मी पोळ्या लाटायची आणि त्या समोर बसून एकेक आजार काढायच्या. मान खाली गेली रे गेली, की लाटण्यावर टिचकी. ‘वर बघ! आजार कागदावर नाही, इथे आहे,’ असं म्हणून स्वतःच्या गालांवर हात ठेवायच्या. आमचे हे, निखिल, हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या जाळ्या, म्हणजे स्टेंट, बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर आहेत. ते कामावरून आले की त्यांनाही एखादा आजार सांगून घाबरवायच्या.

त्याच सुमारास माझी आई नाशिकहून आली. ताई जेवायला यायच्या होत्या, म्हणून मी तिला त्यांची जुनी मालिका लावून दिली. भाषा स्पॅनिश, खाली अक्षरं नाहीत. मी म्हटलं, कंटाळेल. कसली कंटाळते! दोन दिवस टीव्हीसमोरून हलली नाही. ‘अगं, ही थोरली जाऊ आहे, हिला घर बळकावायचंय. ती धाकटी साधी आहे बिचारी, तिला कळत नाहीये,’ असं मलाच समजावून सांगत होती. आणि ताई दारात आल्या, तर आईने ‘या’ नाही, ‘बसा’ नाही, कमरेवर हात ठेवून विचारलं, ‘काय हो, त्या पोटुशी पोरीला घराबाहेर काढताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?’

मी कपाळाला हात लावला. पण ताईंना शब्द न कळताही सगळं कळलं. त्यांनी दोन्ही हातांनी आईचा हात धरला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘मिहा, टोमॅटो!’ त्यांचे डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांनी, इतक्या दूरच्या देशात त्यांना कुणीतरी ओळखलं होतं.

आता त्यांच्या मायेची एक गोष्ट. माझी लेक सई मराठी सगळं समजते, पण उत्तर देणार ते पक्क्या वॉटरफोर्डच्या इंग्रजीत. आजी हिरमुसायची. आम्ही रागावून, लाडीगोडी लावून थकलो होतो. ताईंनी काही उपदेश केला नाही. त्यांनी सईला सांगितलं, ‘तू आमची दुभाषी. मला तुझ्या आजीशी फार महत्त्वाचं बोलायचंय.’ झालं! आता ताईंचं इंग्रजी आजीला मराठीत कोण सांगणार? सईच. पहिल्यांदा अडखळली, मग ‘आजी, ती म्हणते की तुझी साडी लई भारी आहे’ असं सुरू झालं. हे ‘लई भारी’ ती कुठून शिकली देव जाणे! त्या उन्हाळ्यात आजी-नातीचं असं काही जमलं, की मी स्वयंपाकघरात उभी राहून नुसती ऐकत राहायची. आई परत गेली तरी ती आणि ताई फोनवर भेटतात. सई नसली तर दोघी आपापल्या भाषेत बोलतात आणि समाधानाने फोन ठेवतात.

आणि आता तो शनिवार.

मी तेव्हा इस्पितळात नोकरीला लागले होते, तरी सुट्टी असली की ताईंना घेऊन वर्गाला जायची, नव्या मुलांना मदत करायला. त्या दिवशीचा आजार होता छातीत दुखण्याचा. ताईंनी सकाळपासून प्रत्येक विद्यार्थ्यापुढे तो असा काही उभा केला, की काय सांगू! मूठ छातीवर, कपाळाला आठ्या, एकेका वाक्याला थांबून घेतलेला श्वास, आणि चेहरा अर्थातच खिडकीकडे. चहाच्या सुट्टीनंतर एक नवा मुलगा समोर बसला. तो ठरलेले प्रश्न विचारायला लागला. कधीपासून दुखतंय? कुठे दुखतंय?

ताई म्हणाल्या, ‘मळमळतंय थोडं.’ हे कागदात नव्हतं. त्यांचा हात छातीवर नव्हता, जबड्याखाली होता. डर्मट माझ्या कानाशी कौतुकाने पुटपुटले, ‘ग्रँड! बायकांना असंही दुखतं, हे त्यांनी वाचून काढलेलं दिसतंय.’ मीही आधी तेच म्हटलं. या बाईंचं काही सांगता येत नाही, वाचलंही असेल.

मग ताईंनी तोंड भिंतीकडे वळवलं.

जिन्यावरून गडगडतानासुद्धा जिने चेहरा दाखवला, ती बाई खिडकीपाशी बसलेल्या सगळ्या विद्यार्थ्यांना पाठ देऊन भिंतीकडे बघत होती. मी उठले. डर्मटनी माझी बाही धरली. ‘थांब मेधा, त्याचा सराव बिघडेल.’ मी म्हटलं, ‘ती अभिनय करत नाहीये!’ ते इतक्या जोरात निघालं, की हॉल दचकला. आणि ऐका, कुणीतरी टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं, मीही नाटकातच आहे.

मी त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसले. कपाळ ओलं, हात गार. ‘ताई, माझ्याकडे बघा.’ त्यांनी बघितलं नाही. रडणं त्यांना मनात येईल तेव्हा येतं, पण गार घाम कुणाला मनात आणून आणता येत नाही. तोवर डर्मटही पोचले होते. नाडी धरताच त्यांचा चेहरा पालटला आणि निवृत्ती बिवृत्ती सगळं विसरून ते कडाडले, ‘अँब्युलन्स बोलवा!’ त्यांच्याच बॅगेतली अ‍ॅस्पिरिन मी ताईंना चावायला लावली. मगाशी ठरलेले प्रश्न विचारणारा मुलगा तोवर रस्त्यावर जाऊन उभा राहिला होता, अँब्युलन्सवाल्यांना हॉलचं दार दाखवायला. कुणी चुकलं नाही त्या दिवशी. चूक असेल तर एकाच व्यक्तीची, आणि ती मी सांगणारच आहे.

वॉटरफोर्डला पोचेपर्यंत अँब्युलन्समध्ये मी त्यांचा हात धरून बसले होते. देवाधर्माचं माझं फारसं नाही, पण त्या रस्त्यावर मी कुणाकुणाला साकडं घातलं ते मलाच ठाऊक. मोठी रक्तवाहिनी बंद झाली होती. स्टेंट बसला. आणखी थोडा उशीर झाला असता तर... नको, ते वाक्य मी पुरं करत नाही.

संध्याकाळी मला आत सोडलं. नाकाला नळी, चेहरा पांढराफटक. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पूर्ण वळून विचारलं, ‘माझं काम कसं झालं?’

तिथे मात्र माझा बांध फुटला. ‘काम? तुम्हाला कळत होतं ना हे खरं आहे ते? मग बोलला का नाहीत?’

‘प्रवेश संपेपर्यंत थांबू म्हटलं,’ त्या म्हणाल्या. ‘अजून कुणी कट म्हटलं नव्हतं.’

पावला शेजारी उभी राहून रडत होती. मी त्यांना असं झापलं, असं झापलं, की नर्स बघायला आली. शेवटी ताई म्हणाल्या, ‘भिंतीकडे वळले, कारण त्या मुलांनी खरी भीती बघू नये असं वाटलं. पण तू बघितलीस.’

मी नंतर कितीदा विचार केला. नाशिकहून आलेली मी तशीच राहिले असते, कागदाशी आणि गुडघ्यांशी बोलत, तर त्यांनी तोंड वळवलेलं मला कळलंच नसतं. चेहरा बघायला मला त्यांनीच शिकवलं होतं, लाटण्यावर टिचक्या मारून.

त्या बऱ्या होऊन घरी आल्या तेव्हा आम्ही एक करार केला. काहीही खरं दुखलं, तर त्यांनी ‘आई गं’ म्हणायचं. हे त्या माझ्या आईकडून शिकल्या होत्या, आमच्या घरी भांड्यांच्या कपाटाची फळी तिच्या डोक्याला लागली तेव्हा. इथल्या कुठल्याही पेशंटच्या कागदात हे शब्द येणार नाहीत, म्हणून घोटाळ्याला जागा नाही. निखिलना मात्र त्या अजून छळतात. ‘तुझा नवरा माझ्या हृदयात राहतो, मिहा, तुला चालतंय ना?’ स्टेंट कुठल्या कारखान्याचा आहे ते आम्हाला माहीत नाही, पण हे लाजतात.

आता खरी बातमी, जी सांगायला मी कधीची उतावीळ आहे! नोएमीताईंना सिनेमा मिळाला आहे. तोंडी लावण्यापुरती भूमिका नाही, मुख्य भूमिका! आयरिश चित्रपट, समुद्रकाठच्या गावात राहणाऱ्या परदेशी आजीची गोष्ट. दिग्दर्शिकेला त्यांचे उच्चार तसेच्या तसे हवे आहेत. डॉक्टरांनी परवानगी दिली आहे (सगळे कागद मी दोनदा तपासले). परवा ताईंचा फोन आला. आवाज पोरीसारखा झाला होता.

‘मिहा, एक अडचण आहे. शेवटच्या दृश्यात मला कॅमेऱ्याकडे पाठ करून समुद्राकडे चालत जायचंय. लांबवर. आयुष्यात पहिल्यांदाच.’

‘मग? नाही म्हणालात?’

‘हो म्हणाले. दृश्य चांगलं आहे. पण तू शूटिंगला येणार आहेस, म्हणून आधीच सांगते. मी पाठ फिरवली की धावत येऊ नकोस. ‘आई गं’ ऐकू येईपर्यंत जागेवर बस.’

मी कबूल केलंय. आयर्लंडमधल्या आपल्या सगळ्या मंडळींना, आणि हे वाचून दाखवणाऱ्या माझ्या आईलाही, मी या ग्रंथात लेखी सांगते की मी जागेवर बसेन. माझ्या एका हाताला निखिल असतील, दुसऱ्याला सई, म्हणजे उठताच येणार नाही. ताई, तुम्ही पाण्याच्या दिशेने चालत जाल, आम्हाला फक्त पाठ दिसेल, आणि मी श्वास रोखून कट होण्याची वाट बघेन.

ताई, तुम्हाला साठी लखलाभ होवो, आणि तिच्यापुढचा प्रत्येक वाढदिवस ठणठणीत तब्येतीत येवो. पडद्यावर जितक्यांदा मरायचंय तितक्यांदा मरा, सुना छळा, घरं बळकावा, आमची काही तक्रार नाही. फक्त कट झाला की लगेच मागे वळा. आम्ही बसलोय.

— डॉ. मेधा, वॉटरफोर्ड